कुत्र्याचें नाक आणि माणसाचा विश्वास

संस्कृतांत कुत्र्याला ‘सारमेय’ असें एक भारदस्त नांव आहे. सरमेची संतति तो सारमेय. आणि सरमा म्हणजे इंद्राची कुत्री. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०८ व्या सूक्तांत तिचा व पणींचा संवाद आलेला आहे. पणींनीं गाई नेऊन रसा नदीच्या पलीकडे डोंगराआड दडविल्या होत्या. त्यांचा माग काढीत काढीत तेथपर्यंत जाऊन पोंचली ती सरमा. पणींनीं तिला बहीण म्हणून ठेवून घेण्याचें व गाईंत वांटा देण्याचें आमिष दाखविलें. पण ती बधली नाहीं. ज्या घरांतून ह्या सूक्ताचें पठण पिढ्यानुपिढ्या झालें, त्याच घरांतून कुत्र्याला मात्र ओटीच्या खालींच थांबावें लागलें. वैश्वदेवानंतर त्याच्या नांवानें अन्नाचा बलि बाहेर ठेवीत, तेवढाच काय तो त्याचा मान. म्हणींनीं त्याच्या शेंपटाची यथेच्छ चेष्टा केली. नाकाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

त्या नाकाचीच कथा ह्या महिन्यांत आम्ही वाचकांस सांगणार आहों. आज त्याच नाकावर विसंबून पोलीस बाँब शोधीत आहेत, वैद्य रोग हुडकूं पाहात आहेत, आणि न्यायालयांत प्रसंगीं माणसाचें स्वातंत्र्यही त्याच्यामुळें पणाला लागत आहे. एवढा विश्वास टाकावयाचा, तर तो कशाच्या आधारावर व कोठपर्यंत टाकावा, हें सुशिक्षित कुटुंबांस ठाऊक असलें पाहिजे.

प्रथम नाकाची रचना पाहूं. आपल्या नाकाच्या अगदीं वरच्या भागांत वास ओळखणाऱ्या त्वचेचा एक लहानसा पट्टा असतो. त्यांत सुमारें ५० ते ६० लक्ष गंधपेशी असतात. कुत्र्याच्या नाकांत ह्या पेशींची संख्या जातिपरत्वें २० ते ३० कोटी असल्याचा अंदाज आहे. वासाचे कण ज्या ग्राहकांवर येऊन बसतात, त्या ग्राहकांचें मोठें कुल लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९१ सालीं उजेडांत आणलें, व त्याबद्दल २००४ सालचें नोबेल पारितोषिक त्यांस देण्यांत आलें. काम करणाऱ्या ग्राहकांचे प्रकार माणसांत सुमारें ४०० व कुत्र्यांत जवळ जवळ त्याच्या दुप्पट आहेत. एक वास अनेक ग्राहकांस चाळवितो, व कोणकोणते चाळवले गेले ह्यावरून मेंदू तो वास ओळखतो. जणूं अक्षरें जुळवून शब्द वाचावा तसें. ज्याच्यापाशीं मुळाक्षरेंच दुप्पट, त्याचा शब्दकोश किती मोठा होत असेल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

पण केवळ पेशींच्या संख्येनें काम भागत नाहीं. हवा खेळविण्याची युक्तिही हवी. कुत्रा हुंगूं लागला म्हणजे सेकंदास सुमारें पांच वेळां हवा आंत ओढतो. आंत शिरलेल्या हवेचे दोन प्रवाह होतात. मोठा प्रवाह श्वासाच्या कामीं सरळ फुप्फुसांकडे जातो. उरलेला, म्हणजे सुमारें आठवा हिस्सा, नाकाच्या मागच्या बाजूस कागदाच्या गुंडाळ्यांप्रमाणें वळलेल्या पातळ हाडांच्या जाळ्यांत शिरतो व तेथें सावकाश फिरतो. गंधपेशी आहेत त्या तेथेंच. उच्छ्वास मात्र समोरून बाहेर न पडतां नाकपुड्यांच्या बाजूस असलेल्या चिरांतून मागल्या अंगास निघून जातो. त्यामुळें पुढें येणारा वास उडून न जातां उलट नाकाकडे ओढला जातो. नाक ओलसर असतें, तेंही कारणावांचून नव्हे; हवेंतील कण त्या ओलाव्यास चिकटतात.

ह्यावरून माणसाचें नाक अगदींच टाकाऊ आहे असें मात्र कोणी समजूं नये. चुलीवर दूध करपूं लागलें कीं माजघरांत बसलेल्या गृहिणीस तें उठून पाहावें लागत नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें ३२ जणांचे डोळे बांधून त्यांस गवतांत ओढलेल्या चॉकोलेटच्या वासाच्या रेषेवर रांगावयास लाविलें, तेव्हां २१ जणांनीं तो माग बिनचूक काढला. परंतु असे माग आपण काढीत नाहीं, आणि काढले तरी ते ठळकच असावे लागतात. कुत्र्याची गोष्ट निराळी. अमाइल ॲसिटेट नांवाचें केळ्यासारख्या वासाचें एक द्रव्य आहे. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, हवेच्या एक लक्ष कोटी भागांत ह्या द्रव्याचे एक-दोन भाग असले तरी ते शिकविलेल्या कुत्र्यांनीं ओळखले.

आतां माग काढणें म्हणजे काय तें पाहूं. आपल्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सारखे झडत असतात, व त्यांस घामाचा आणि त्वचेवरील जंतूंनीं निर्माण केलेला वास चिकटलेला असतो. माणूस ज्या वाटेनें गेला तेथें ह्या कणांचा एक अदृश्य पट्टा पसरतो. पायांखालीं चिरडलेल्या गवताचा व हललेल्या मातीचा वास त्यांत मिसळतो. कुत्र्यापुढें प्रश्न दोन: ही वाट कोणाची, आणि ती गेली कोणत्या दिशेस? पहिल्या प्रश्नाचें उत्तर तो किती बारकाईनें देऊं शकतो, हें झेक शास्त्रज्ञांनीं २०११ सालीं दाखविलें. एकाच घरांत राहणाऱ्या व एकच अन्न खाणाऱ्या एकरूप जुळ्या भावंडांचे वाससुद्धां पोलिसांच्या शिकविलेल्या आल्सेशियन कुत्र्यांनीं वेगवेगळे ओळखले. दुसरें उत्तर तर याहूनही नवलाचें आहे. बेलफास्ट येथील २००५ सालच्या प्रयोगांत ओळीनें पांच पावलांचे ठसे हुंगावयास मिळाले म्हणजे चांगले कुत्रे दिशा बरोबर ठरवीत. तीन ठसे त्यांस पुरत नसत. पहिल्या व पांचव्या पावलांत अंतर तें किती, तर फार तर दोन-तीन सेकंदांचें! तेवढ्या अवधींत वासाच्या ताजेपणांत जो फरक पडला असेल, तोच त्यांस दिशादर्शक होतो.

सर्वच कुत्रे ह्या कामास सारखे नव्हेत, हेंही येथें सांगितलें पाहिजे. घोरपडे घराण्याच्या मुधोळ संस्थानांत जोपासलेला मुधोळ कुत्रा डोळ्यांनीं सावज हेरून वाऱ्यासारखा धांवणारा. बेल्जममधील सेंट ह्यूबर्टच्या मठाशीं ज्याची परंपरा जोडली जाते तो ब्लडहाउंड नाक जमिनीस लावून तासन् तास चालणारा. ज्याचें काम त्यानेंच करावें.

ह्या शक्तीचा आपल्या मुंबईस झालेला उपयोग पुष्कळांस आठवत असेल. १२ मार्च १९९३ रोजीं त्या शहरांत एकामागून एक बाँबस्फोट होऊन २५७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकांत त्या वेळीं ‘जंजीर’ नांवाचा एक लॅब्रॅडोर कुत्रा होता. पुण्यास शिक्षण घेऊन १९९२ च्या डिसेंबरांत तो पथकांत दाखल झालेला; वय अवघें चौदा महिन्यांचें. स्फोटांनंतर तीनच दिवसांनीं, १५ मार्च रोजीं, धनजी स्ट्रीटवर बेवारशी उभ्या असलेल्या एका स्कूटरवर त्यानें बोट ठेवावें तसें नाक ठेवलें, स्कूटरींत आर. डी. एक्स. भरलेलें होतें. त्याच्या मदतीनें ३,३२९ किलो आर. डी. एक्स., ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब व ६,४०६ काडतुसें हस्तगत झालीं अशी त्याच्या नांवावर नोंद आहे. त्या सामग्रीनें आणखी किती घरें उध्वस्त झालीं असतीं ह्याचा हिशेब कोणीं करावा? १६ नोव्हेंबर २००० रोजीं हाडांच्या कर्करोगानें जंजीर वारला, तेव्हां पोलीस दलानें त्यास फुलें वाहून सन्मानानें निरोप दिला.

असा कुत्रा तयार कसा करतात? लोकांत एक समज आहे कीं, अफू-गांजा शोधणाऱ्या कुत्र्यास त्या पदार्थाची चटक लावलेली असते. हा समज निव्वळ खोटा आहे. कुत्र्यास चटक असते ती खेळाची. विशिष्ट वास सांपडला कीं आपला आवडता चेंडू मिळतो, एवढेंच त्यास हळूहळू शिकविलें जातें. आपण बाँब शोधतों आहों हें जंजीरास कधींच ठाऊक नव्हतें. त्याच्या लेखीं तो एक खेळ होता, व त्याचें बक्षीस शिक्षकाच्या खिशांत होतें. बाँबशोधक कुत्र्यास वास लागल्यावर न भुंकतां, न उकरतां निमूटपणें खालीं बसावयास शिकवितात. त्याचें कारण सांगावयास नको. कामाची मर्यादाही असते. कुत्रा घामानें नव्हे तर धापा टाकून अंग थंड करतो. आणि तोंडानें धापा टाकीत असतां त्यास नीट हुंगतां येत नाहीं. म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यांत त्यास वारंवार विसांवा व पाणी न दिल्यास तें नाक असून नसल्यासारखेंच होतें.

बाँबाइतकेंच छपून बसणारे दुसरे शत्रु म्हणजे रोग. १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत दोन इंग्रज डॉक्टरांचें एक छोटेंसें पत्र प्रसिद्ध झालें. ४४ वर्षांच्या एका बाईच्या पायावर तीळ होता, व तिचा कुत्रा त्या एकाच तिळाशीं, तिच्या कपड्यांवरूनसुद्धां, सारखा हुंगत राही. एके दिवशीं आखूड चड्डी घातली असतां त्यानें तो तीळ चावून तोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हां बाई डॉक्टरांकडे गेली. तो त्वचेचा घातक कर्करोग निघाला, व वेळींच काढून टाकण्यांत आला. ह्या पत्रानें अनेकांस विचारांत पाडलें. २००४ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें सहा कुत्र्यांवरील प्रयोगाचा वृत्तान्त आला. लघवीच्या सात नमुन्यांपैकीं एक मूत्राशयाच्या कर्करोगाच्या रोग्याचा असे, तो ओळखावयाचा. ५४ खेपांपैकीं २२ खेपांस, म्हणजे शेंकडा ४१ वेळां, कुत्रे बरोबर ठरले. नुसत्या दैवावर सोडलें असतें तर शेंकडा १४ वेळांच ठरते.

हा आंकडा ऐकून कांहीं वाचक निराश होतील. परंतु त्याच प्रयोगांतील एक गोष्ट त्यांनीं ऐकावी. शिक्षण चालू असतां, निरोगी म्हणून घेतलेल्या एका माणसाच्या नमुन्यास सर्व कुत्रे ‘रोगी’ ठरवूं लागले. त्यास तपासून पूर्वीं निर्दोष ठरविण्यांत आलें होतें. कुत्रे चुकत आहेत म्हणून डॉक्टर तो नमुना बाजूस ठेवूं शकले असते. पण त्यांनीं त्या माणसाची पुन्हां तपासणी केली, आणि त्याच्या मूत्रपिंडांत कर्करोग सांपडला. २०१९ सालीं हिंवतापाविषयींही असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. आफ्रिकेंतील गांबिया देशांत मुलांनीं रात्रभर पायांत घातलेले मोजे इंग्लंडांतील कुत्र्यांस हुंगविले. ज्यांच्या रक्तांत हिंवतापाचे जंतु होते अशा मुलांचे शेंकडा ७० मोजे त्यांनीं ओळखले, व निरोगी मुलांपैकीं शेंकडा ९० मोजे बरोबर वगळले. ज्यांस ताप नाहीं पण ज्यांच्या अंगांत जंतु आहेत, अशीं माणसें रक्त न काढतां हुडकण्याची आशा ह्यांत आहे.

माणसापुरताच हा उपयोग नाहीं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांजवळ ‘टकर’ नांवाचा काळा कुत्रा होता. पाण्याची त्यास भीति. पण होडीच्या नाळेवर उभा राहून, समुद्रावर तरंगणाऱ्या ओर्का जातीच्या देवमाशांच्या विष्ठेचा वास तो सुमारें मैलभर अंतरावरून घेई, व ज्या बाजूस अंग कलवी तिकडे होडी वळवीत. त्या विष्ठेवरून मादी गाभण आहे काय, तिला पुरेसें अन्न मिळतें काय, हें तिला स्पर्श न करतां कळे. गाभण ठरलेल्या माद्यांपैकीं सुमारें दोन तृतीयांशांचे गर्भ टिकत नाहींत व त्याच्या मुळाशीं सामन माशांची टंचाई आहे, हें २०१७ सालीं ह्याच मार्गानें उघड झालें. आपल्याकडे ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथें सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रांत वाघाचीं कातडीं व हाडें यांसारखा चोरटा माल हुडकणारे कुत्रे तयार करण्यांत आले आहेत.

येथवर वाचून कोणासही वाटेल कीं, असें नाक असतां दुसरा पुरावा हवा कशाला? येथेंच सांवध झालें पाहिजे. आपल्या पूर्वजांनीं सरमेची कथा एकाच परीनें सांगितलेली नाहीं. बृहद्देवता ह्या ग्रंथांत तीच सरमा पणींच्या गाईंचें दूध पिते आणि परत येऊन, गाई पाहिल्याच नाहींत असें इंद्रास सांगते. इंद्र तिला लाथ मारतो, दूध ओकून पडतें, आणि मग त्या मागानें गाई सांपडतात. खरा माग काढणारी व खोटी साक्ष देणारी सरमा एकच, हें कथाकारानें मोठ्या जाणतेपणानें सांगितलें आहे.

अलीकडचा कुत्रा दुधाच्या लोभानें खोटें सांगत नाहीं. त्याचा लोभ निराळा. धन्याच्या मनांत काय आहे तें ओळखून तसें वागणें, ही त्याची हजारों वर्षांची विद्या आहे. अमेरिकेंत २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अठरा शिक्षक व त्यांचे कुत्रे यांस एका चर्चच्या खोल्यांत शोध घेण्यास सांगितलें. कांहीं ठिकाणीं लाल कागद लावून, तेथें माल दडविल्याची खूण म्हणून शिक्षकांस तो दाखविला होता. वस्तुतः कोठेंही कांहींच दडविलेलें नव्हतें. तरीसुद्धां १४४ शोधांपैकीं अवघे २१ शोध निर्दोष झाले. एकूण २२५ वेळां ‘सांपडलें’ असें सांगण्यांत आलें, आणि त्यांत लाल कागदाच्या जागा अधिक होत्या. शिक्षकाची चाल मंदावते, तो किंचित् थबकतो, श्वास रोखतो. तेवढें कुत्र्यास पुरतें. जें शिक्षकाच्या मनांत, तें मग कुत्र्याच्या नाकांत!

म्हणूनच आमच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६९ सालीं महाराष्ट्रांतील एका खटल्यांत ह्या पुराव्याचा विचार करतांना त्यावरील तीन आक्षेपांची नोंद केली. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहून शपथेवर बोलूं शकत नाहीं. त्याच्या वतीनें त्याचा शिक्षक बोलतो, म्हणजे ती ऐकीव साक्ष होते. आणि माणसाचा प्राण व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून ठेवणें योग्य नव्हे. हा पुरावा ग्राह्य मानला तरी त्यास सामान्यतः फारसें वजन नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. २००१ सालीं दुसऱ्या एका खटल्यांतही त्यानें असाच सावधपणा दाखविला.

मग जंजीरावर विश्वास टाकला तो बरोबर, आणि न्यायालयानें टाकला नाहीं तेंही बरोबर, हें कसें? आमच्या मतें ह्याचें उत्तर सोपें आहे. जंजीर बसला, कीं मागाहून माणसें ती वस्तु उघडून पाहात. आंत बाँब असला तर शेंकडों जीव वाचले. नसला तर थोडा वेळ गेला. कुत्र्यांनीं नमुना दाखविला, कीं डॉक्टर त्या माणसाची तपासणी करीत. कुत्र्याच्या सांगण्यावरून कोणीं पोटावर शस्त्र चालविलें नाहीं. परंतु ओळींत उभ्या केलेल्या संशयितांपैकीं एकापुढें कुत्रा थांबला, तर उघडून पाहण्यासारखें तेथें काय असतें? तेथें चूक झाली तर ती उघडकीस येण्याचा मार्गच नाहीं, आणि तिचें प्रायश्चित्त एखादा निरपराध माणूस व त्याचें कुटुंब जन्मभर भोगतें. कुत्र्यानें दाखविलेल्या जागीं चोरीचा माल किंवा शस्त्र सांपडलें तर तें सांपडणें हा पुरावा. नुसतें कुत्र्याचें थांबणें म्हणजे तपासाचा आरंभ, शेवट नव्हे. चोरी झालेल्या घरीं पोलिसांचा कुत्रा येतो, तो घरच्या गड्यापुढें किंवा मोलकरणीपुढें क्षणभर घुटमळतो, आणि लगेच आळींत त्या गरिबाचें नांव निघतें, असे प्रसंग घडूं शकतात. त्या गड्याचा वास तर त्या घरांत रोजचाच असणार! अशा वेळीं सुशिक्षित कुटुंबांनीं जीभ आवरून धरली, तर एखाद्याची अब्रू वांचेल.

शेवटीं, ज्यांच्या घरीं कुत्रा आहे त्यांस दोन शब्द. आपण त्यास फिरावयास नेतों तेव्हां तो दर खांबापाशीं थांबतो, आणि आपण घाईनें सांखळी ओढतों. आपल्याला तो कालापव्यय वाटतो. त्याला मात्र कोण येऊन गेलें, केव्हां गेलें, कोणत्या बाजूस गेलें, हें तेथें वाचावयाचें असतें. हातांतील वर्तमानपत्र कोणीं हिसकावून घेतलें तर आपणांस राग येतो, हें लक्षांत ठेवून त्यास रोज थोडा वेळ मनसोक्त हुंगूं द्यावें. पावसाळ्यांत बाहेर पडणें शक्य नसेल, तर भाकरीचे चार तुकडे घरांत दडवून ते शोधावयास लावावेत. मुलांसही त्यांत मौज वाटते. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, दोन आठवडे असें नाकाचें काम दिलेले कुत्रे नंतरच्या परीक्षेंत अधिक उमेदीनें वागतांना आढळले. नाक हें त्यांस निसर्गानें दिलेलें धन आहे. तें वापरण्याची सवड आपण रोज घटकाभर तरी द्यावी.